शेपटीच्याही मागे

एक होता सायकलवाला, एक होती त्याची बायको, एक होता थोरला मुलगा आणि एक होती धाकटी लेक. आणि एक होती नदी. तिलाही घरातलीच धरा, कारण त्या घराने तिला जेवढं दिलं तेवढं कुणी परक्याला देत नाही.

एवढं बोलून काका थांबले आणि त्यांनी हॉलमधला मोठा दिवा घालवला. कोपऱ्यातला बारका तेवढा राहिला. काका म्हणजे त्या हॉलचे रखवालदार, हातपाय चालत होते तोवर रंगारी होते. उद्या पहाटे साडेपाचला खडीच्या रस्त्यावरची सायकलस्वारी निघायची होती, आणि वीस-बावीस पोरंपोरी त्यांच्यासमोर अंथरुणं टाकून पसरली होती.

"काका, भूत येणार असेल तर आत्ताच सांगा," लंबू म्हणाला, "मी मधे सरकतो."

"तू कुठेही झोप, तुझे पाय दाराबाहेरच असणार," चष्मेवाली म्हणाली. "आधी त्याला पायच सापडतील. काका, मला भूतबित नको, एवढंच सांगा. सगळीकडे शेवटचा स्वार येता येता वाट दाखवणारे बाण काढून आणतो. तुमच्याकडेच ते दुसऱ्या दिवशी दुपारी का काढतात? उगाच दोनदा हेलपाटा."

"तेच सांगतोय, बाई. माझ्या ओळखीच्या माणसाच्या घरी घडलंय. त्याच्या तोंडून ऐकलंय, आणि थोडं डोळ्यांनी पाहिलंय. हसायचं असेल तर आत्ता हसून घ्या."

कुणी हसलं नाही. मग काकांनी सांगितलं ते असं.

सायकलवाल्याचं दुकान वेगळं आणि घर वेगळं असं नव्हतंच, दुकानातूनच घरात जायचं. तेलाचा वास आणि आमटीचा वास एकाच दारातून ये-जा करायचे. नदीच्या खोऱ्यातले ते खडीचे रस्ते पूर्वी लाकडाच्या गाड्यांसाठी केलेले. गाड्या गेल्या, रस्ते राहिले. टेकडी चढायची, टेकडी उतरायची, नदी ओलांडायची, परत चढायची. थोरल्याच्या डोक्यात आलं की हे शहरातल्या लोकांना दाखवावं. बापाने पत्र्याचे बाण कापले, धाकटीने पिवळे रंगवले, आईने पाण्याचे पिंप घासले. पहिल्या वर्षी अकरा जण आले, चौथ्या वर्षी एकसष्ट.

कामाची वाटणी ठरलेली. थोरला पहाटे चारला पुढे निघायचा आणि प्रत्येक वळणावर झाडाला नाहीतर खांबाला तारेने बाण बांधायचा. बाप सगळ्यांच्या मागून यायचा. त्याला म्हणायचे शेपूट. शेपटीने कुणालाही मागे टाकून पुढे यायचं नाही. कुणाची चेन तुटली, कुणाला उलटी झाली, तर शेपूट तिथे थांबणार. यादीतलं एकेक नाव खोडत, बाण सोडवून पिशवीत टाकत यायचं. आणि संध्याकाळी दुकानासमोर पोचलं, की सायकलवरून उतरून मोठ्याने सांगायचं, "मागे कोणी नाही." मग टाळ्या, मग चहा, मग दिवे बंद.

चौथ्या वर्षीही तसंच झालं. सायकलवाला अंधार पडता पडता आला. एकसष्ट नावं, एकसष्ट रेघा. उतरला. म्हणाला, "मागे कोणी नाही."

आणि जेवायला बसला.

थोरला दिसला नाही, तर आई म्हणाली, दमून झोपला असेल आत. पहाटे चारचा उठलाय, झोपू दे. मध्यरात्री ती पांघरूण घालायला गेली, तर गादी रिकामी.

जे बाण बांधतात त्यांचं नाव यादीत नसतं, पोरांनो. घरचा माणूस, त्याला कशाला मोजायचं?

सात किलोमीटरवर एक फाटा आहे. उद्या तुम्हाला लागेल. उजवीकडचा रस्ता नव्या पुलाकडे जातो, डावीकडचा जुन्या फरशी पुलाकडे. तो पूल मधून कधीच वाहून गेलाय. दोन्ही रस्ते जुळ्या भावांसारखे, तीच खडी, तोच उतार. दिवसा ओळखू येतात. धुकं उतरलं की थोरल्यालाही ओळखू येत नसत. तो स्वतःच म्हणायचा, इथे मीसुद्धा बाण बघूनच वळतो. त्या संध्याकाळी तो कसा कोण जाणे बापाच्या मागे राहिला होता. फाट्यावर आला, आणि फाट्यावर बाण नव्हता. बाण बापाच्या पिशवीत होता.

सकाळी सायकल सापडली. थोरला तिसऱ्या दिवशी.

तो मागे का गेला, हे कुणालाच उलगडलं नाही. पण सायकलवाल्याला ते उलगडून काय करायचं होतं? बाण त्याने काढला होता, आणि "कोणी नाही" हेही त्याच्याच तोंडाने म्हटलं होतं. बायकोने त्याला एका शब्दाने दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं. भांडणाला निदान दुसऱ्या दिवशी उतार पडतो. ती ताट वाढायची, पाणी ठेवायची, आणि भिंतीकडे तोंड करून जेवायची. "अहो" म्हणणंसुद्धा सुटलं. काही सांगायचं असलं तर धाकटीला सांगायची, "त्यांना म्हणावं पीठ संपलंय." आणि तो चार हातांवर बसलेला असायचा. तीन वर्षं असं घर चाललं. चाललं म्हणजे काय, बंद पडलेलं घड्याळ भिंतीवर असतंच की.

आता नीट ऐका. सहा वर्षांपूर्वीचा नोव्हेंबर. दुसरा शनिवार. संध्याकाळचे सहा. त्या रात्री चंद्र दोननंतर उगवणार होता.

सायकलवाला दुकान आवरत होता. बायको आतून आली आणि तिने त्याच्यासमोर काउंटरवर एक स्वेटर ठेवला.

"धाकटी सायकल घेऊन गेलीय खोऱ्यात. साडेसहाला पाण्याच्या टाकीपाशी येते म्हणाली. गारठा पडलाय. नेऊन द्या."

तीन वर्षांनी ती थेट त्याच्याशी बोलली होती, तेही स्वेटरबद्दल. त्याला इतकं बरं वाटलं, की धाकटी खोऱ्यात कशाला गेली हे विचारायचंच राहिलं. त्याने आपली जुनी कॅरिअरवाली सायकल काढली, मागच्या चाकात हवा मारली, स्वेटर कॅरिअरला अडकवला आणि निघाला. टाकी गावाच्या टोकाला. सव्वासहालाच पोचला. वाटेत दूधवाला भेटला, त्याच्याशी हवापाण्याच्या गप्पाही झाल्या.

साडेसहा झाले. सात झाले.

फोन लावला. खोऱ्यात फोन लागत नाही, हे माहीत असून सहा वेळा लावला. पावणेआठला तो सायकलवर बसला आणि खोऱ्यात उतरला. तीन वर्षांत पहिल्यांदा.

पहिली टेकडी. अंधार असा, की दिवा लावला तर दिव्यापुरतंच जग. चाकाखाली खडी कर्रकर्र वाजत होती. दुसऱ्या वळणावर दिव्याच्या उजेडात काहीतरी पिवळं चमकलं.

बाण.

त्याला वाटलं, धाकटीने बांधला. म्हणजे पोर स्वारी परत सुरू करायचं मनात धरून बसलीय. रागही आला आणि बरंही वाटलं. पुढच्या वळणावर दुसरा बाण. मग तिसरा. चौथ्यापाशी तो थांबला आणि सहज हात लावला. आयुष्यभर तारा पिळलेल्या माणसाचं बोट ते, डोळ्याआधी बोटाला कळलं. तारेचा पीळ उलटा होता.

धाकटी उजव्या हाताची. तो स्वतः उजव्या हाताचा. त्या घरात डावखुरा एकच होता…

मग त्याला आठवलं की सगळे बाण घरी माळ्यावर पोत्यात आहेत, आणि पोत्याचं तोंड त्याने स्वतः शिवलंय.

पुढे निघाला. थांबून काय करणार? लेक पुढे होती.

आता चाकांचा आवाज दोन ठिकाणहून येत होता. एक त्याच्या चाकाखालून. एक मागून. वीसेक हातांवरून. त्याने ब्रेक दाबला. त्याची सायकल गपगार झाली. मागची मात्र आपल्या आपण चालत राहिली, पायडल न मारता चाक फिरलं की वाजतं तसं फ्रीव्हील टिकटिक करत… टिक टिक टिक टिक… आणि थांबली.

त्याने मागे पाहिलं नाही.

"कोण आहे?"

…

"धाकटे?"

…

हॉलमध्ये कुणीतरी पांघरूण ओढून घेतलं. लंबू मधे सरकला होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

असं करत तो फाट्यावर आला. धुकं. तीच दोन भावंडं, दोन रस्ते. आणि मधल्या झाडाला बाण.

बाण डावीकडे दाखवत होता.

उजवीकडे नवा पूल. डावीकडे… डावीकडे काय आहे हे त्याच्याइतकं कुणाला माहीत? तो उतरला. हँडल धरून उभा राहिला. त्याच्या मनात आलं, हा आपला हिशेब चुकता करायला आलाय. बापाने बाण काढून पोराला पाण्यात घातलं, पोर बाण लावून बापाला घालतंय. आणि दुसरंही मनात आलं. की हक्क आहे त्याचा.

मागे टिक… टिक…

"थोरल्या," तो म्हणाला. तीन वर्षांत ते नाव तोंडातून निघालं नव्हतं, निघताना फाटलं. "मी यादी बघितली रे. सगळी नावं होती. तुझं…"



मग त्याने डोळे पुसले आणि सांगितलं, "तुझा बाण मी काढला होता. आज तू दाखवशील तिकडे जातो."

आणि डावीकडे वळला.

उतार. धुकं. नदीचा आवाज… मोठा. वरच्या धरणातून पाणी सोडलं होतं. फरशीच्या तोंडाशी धाकटीची सायकल आडवी पडलेली. तिच्या पुढे काळं पाणी. आणि पाण्यात…

"बाबा!"

मधल्या तुटक्या फरशीपाशी ती होती. घोटा दोन दगडांत अडकलेला. पडली तेव्हा पाणी पोटरीएवढं होतं, आता कमरेच्या वर. अंग लाकडासारखं कडक. सायकलवाल्याने सायकलचं सीट नळीसकट उपसून काढलं, नळी दगडाच्या फटीत घातली आणि सगळं वजन टाकलं. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा दगड हलला. तिला काखेत धरून तो काठावर आला, तोवर फरशी दिसेनाशी झाली होती.

स्वेटर तिच्या अंगावर चढवला. ती थरथरत होती. दातावर दात आपटत तिने पहिलं विचारलं ते हे, "बाबा, इतका वेळ काठावर दिवा घेऊन उभे होता. मी एवढ्या हाका मारल्या. खाली का नाही आलात?"

"मी आत्ताच येतोय गं."

"मग तो… मला डोळे मिटू देत नव्हता. मान पडली की घंटी वाजवायचा."

…

त्याने तिचे गार हात चोळले. नदीच बोलत होती.

"इथे कशाला आलीस?" अखेर त्याने विचारलं.

तेव्हा ती रडायला लागली. तीन वर्षांचं रडणं होतं ते, साठवून साठवून घट्ट झालेलं.

"मला माहीत होतं, बाबा. तो मागे गेलाय हे मला माहीत होतं. दुपारी मी चहाचं आधण ठेवत होते, तेव्हा येऊन म्हणाला, पान्यांची पिशवी दुसऱ्या थांब्यावर विसरली. टेकडीच्या पायवाटेने जातो आणि बाबा यायच्या आत गाठतो. त्यांना सांगू नकोस हं, पाने हरवले म्हणून ओरडतील. मी नाही सांगितलं. तुम्ही आलात, मागे कोणी नाही म्हणालात… मी साठ कप चहा गाळत होते. ऐकलंच नाही. मला वाटलं, तुमच्याबरोबर आला. मग नंतर कशी सांगू? आई तुमच्याशी बोलेना. ते माझ्यामुळे होतं. दरवर्षी येते मी इथे. त्याची माफी मागायला."

पाने. लोखंडाचे चार पाने. बापाच्या ओरडण्याला घाबरून पोरगं गेलं होतं. सायकलवाल्याच्या छातीत काय झालं असेल ते आपण कशाला सांगायचं. त्याने मुलीचं डोकं पोटाशी धरलं आणि म्हणाला, "तू शब्द पाळलास त्याचा. बहिणीने काय करायचं असतं दुसरं? मी ओरडलो नसतो गं… ओरडलो असतो. पण लगेच गप्प बसलो असतो. तेवढं त्याला माहीत असायला हवं होतं."

तिला कॅरिअरवर बसवलं आणि तो सायकल ढकलत निघाला. तिची सायकल तिथेच राहिली. म्हणजे वाटेवर सायकल एकच. आवाज मात्र दोन. पूर्ण सात किलोमीटर मागून खडी वाजत राहिली. चढावर हळू, उतारावर टिकटिक. धाकटीने बापाच्या पाठीत तोंड खुपसलं. दोघांनीही मागे पाहिलं नाही. पाहिलं की जातात, असं नाही. पाहिल्यावर तिथे कुणी नसेल, ही भीती.

साडेबाराला घर आलं. बायको दारात उभी. चालत दोनदा टाकीपर्यंत जाऊन आली होती. लेकीला पाहिलं, धावली, घट्ट धरलं. मग तिची नजर नवऱ्याच्या खांद्यावरून मागे रस्त्यावर गेली. तिला काय दिसलं, काय ऐकू आलं, तिने कधी सांगितलं नाही. तिने एवढंच विचारलं.

"अहो… मागे कोणी आहे?"

सायकलवाल्याने सायकल ओट्यावर चढवली.

"दार लावू नकोस," तो म्हणाला.

तिघं स्वयंपाकघरात बसले. चुलीजवळ लेकीचा पाय शेकत, एकमेकांना चिकटून. पाने, पिशवी, चहा, सगळं तेव्हा बोलून झालं. दार रात्रभर सताड उघडं. वारा आला, धुकं आलं. पहाटे कधीतरी तिघांचाही डोळा लागला…

काका पाणी प्यायले.

"मग?" चष्मेवाली म्हणाली. आवाज बारीक झाला होता.

"मग काय, बरं झालं सगळं. दुसऱ्या दिवशी चार जण खोऱ्यात जाऊन आले, एकही बाण नव्हता. माळ्यावरचं पोतं शिवलेलंच. पण घराला जाग आली. बाई बोलायला लागली, आणि इतकी बोलते की सायकलवाला म्हणतो, काका, ती तीन वर्षांची बाकी वसूल करतेय. स्वारी परत सुरू झाली. उद्या पाण्याच्या दुसऱ्या थांब्यावर जी बाई तुम्हाला दामटून केळी खायला लावेल ना, ती तीच. पुढे निघेल ती धाकटी, पाय जरा ओढत चालते, पण सायकलवर तुमच्यातला एकही तिला गाठणार नाही. मागचा म्हातारा तिचा बाप. आणि बाण रात्रभर राहतात. यादी खोडून झाली तरी राहतात. दोन वर्षांपूर्वी धाकटीचं लग्न झालं, चांगला मुलगा मिळाला, घरातच राहतो, पंक्चर काढायला शिकलाय. परवाच्या उन्हाळ्यात मुलगी झाली. पाळणा दुकानातच टांगलाय."

"म्हणजे भूतबित काही नाही," लंबू म्हणाला. त्याला तसं म्हणायची फार घाई झाली होती.

काका उठले आणि कोपऱ्यातल्या दिव्याकडे गेले.

"लग्नाआधी घर रंगवायला मीच गेलो होतो. माझं शेवटचं काम ते. सगळं रंगवलं, दुकान, माजघर, छत. स्वयंपाकघरात शिरलो तर बाई म्हणाली, ही एवढी जागा सोडायची. चुलीसमोरच्या भिंतीवर, माझ्या छातीइतक्या उंचीवर, काळा डाग. सायकल भिंतीला टेकवून ठेवली की हँडलच्या मुठीचा उमटतो तसा. त्या रात्रीनंतरच्या सकाळी दिसला म्हणाली. बापाची सायकल ठेंगणी, आणि ती तर बाहेर ओट्यावर होती. धाकटीची नदीकाठी. मी म्हटलं, वहिनी, लग्नघर आहे, नवा रंग, मधेच हा डाग वाईट दिसेल. ती म्हणाली, दिसू दे. म्हणून चारी बाजूंनी ब्रश फिरवून वीतभर जागा सोडली. आणि सोडताना सवयीने बोट लावून पाहिलं, मळ सुकाय का ते…"

त्यांनी दिवा घालवला.

"चार वर्षं झाली होती डागाला. चुलीसमोरची भिंत. बोट ओलं झालं. वाळूसकट."